फिल्मबाईंनी कॅमेरा निवडला

फिल्मबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण हॉस्पिटलात तेहेतीस वर्षं सगळे त्यांना त्याच नावानं ओळखायचे. एक्स-रे विभागात त्या लागल्या तेव्हा तिथे फिल्म होती, फिल्म बुडवायच्या टाक्या होत्या आणि लाल दिव्याची एक काळोखी खोली होती. त्या खोलीचं दार लावून घेतलं की बाई बाहेरच्या जगाला सापडत नसत. औषध शिळं झालंय हे त्यांना वासावरून कळायचं आणि फिल्म किती वेळ बुडवायची हे घड्याळाआधी हाताला कळायचं. पुढे कॉम्प्युटर आले, टाक्या गेल्या, आणि त्या खोलीत मोडक्या चाकाच्या खुर्च्या येऊन पडल्या. बाई कॉम्प्युटरही शिकल्या, चांगल्या शिकल्या. फक्त अधूनमधून म्हणायच्या की चित्र लगेच दिसायला लागलं आणि वाट बघण्यातली गंमत गेली. तरुण सहकारी म्हणायचे, बाई, वाट पेशंट बघत असतो, गंमत आहे का ते त्याला विचारा. यावर त्या हसायच्या, कारण ते खरंच होतं.

निवृत्तीच्या वेळी विभागानं विचारलं, भेट काय देऊ? भिंतीवरचं घड्याळ, सुटकेस, मिक्सर अशी नावं आधीच तयार होती. बाई म्हणाल्या, "मला फिल्मचा कॅमेरा द्या. जुना, लहानसा. पण निवडणार मी."

विभागप्रमुखांनी मान्य केलं. सगळ्यांना वाटलं, आठवडाभरात काम होईल. त्याला चार महिने लागले.

बाईंच्या घरी त्या आणि त्यांची धाकटी नणंद अशा दोघीच राहायच्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. नणंद टेलिफोन खात्यातून लवकर बाहेर पडलेली, लग्न न केलेली, आणि आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिल्यामुळे की काय, स्वतः बोलायची थांबत नसे. नवरा गेल्यावर नणंदेनं आपली खोली सोडली आणि सामान घेऊन ती भावजयीकडे आली. कुणी कुणाला आसरा दिला, हे दोघींनी कधी ठरवलं नाही. बाई तिला वन्सं म्हणत, ती त्यांना वहिनी म्हणे, आणि या दोन हाका सकाळपासून घरात ये-जा करीत.

वन्संना ही कॅमेऱ्याची कल्पना पटली नव्हती. फोनमध्ये कॅमेरा असताना दुसरा कशाला, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी उत्तर दिलं की फोनमध्ये घड्याळही आहे, तरी तुमच्या मनगटावर आहेच ना. त्यावर वन्संनी मनगट पदराखाली घेतलं आणि विषय बदलला.

जुन्या पोस्टामागच्या गल्लीत कॅमेरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. गल्लीत त्यांना सगळे भिंगवाले म्हणत. खाली त्यांची सून पासपोर्टचे फोटो काढायची आणि चौकटी विकायची. लाकडी जिना चढून गेलं की वर यांची खोली. वय सत्तरीच्या पुढे, अंगात खिशाखिशांचा ॲप्रन, कपाळावर पट्ट्यानं बांधलेलं भिंग. टेबलावर सुयांएवढे स्क्रू-ड्रायव्हर उंचीनुसार उभे, आणि बाटल्यांच्या झाकणांत तिळाएवढे स्क्रू. मागच्या भिंतीला मोठी खिडकी, तिच्यातून दूरवरची छपरं दिसत.

भिंगवाल्यांनी पहिलाच प्रश्न केला, कॅमेरा कशासाठी हवा? बाई म्हणाल्या, ते अजून ठरलेलं नाही. भिंगवाल्यांनी भिंग वर सरकवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्याकडे येणारी माणसं हल्ली कुठेतरी वाचून, अमुकच मॉडेल पाहिजे असं घोकून येत. ज्याला काहीच ठरवायचं नाही असं गिऱ्हाईक त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

आधी त्यांनी आरशाचा मोठा कॅमेरा हातात दिला. बाईंना तो जड वाटला, आणि बटण दाबलं की आत आरसा उडायचा, तो आवाज दार आपटल्यासारखा. मग भिंगवाल्यांनी वरच्या फळीवरून एक लहान डबीसारखा कॅमेरा काढला. याच्यात भिंगातून बघायचंच नाही, ते म्हणाले. बघायची खिडकी वेगळी. खिडकीच्या मधोमध एक पिवळट ठिपका, आणि त्या ठिपक्यात समोरची वस्तू दोनदा दिसणार, एकमेकींवर थोडी सरकलेली. भिंगाची कडी फिरवत जायची. दोनाची एक झाली की समजायचं, अंतर बरोबर बसलं.

बाईंनी खिडकीला डोळा लावला. समोरच्या कपाटाच्या मुठीच्या दोन मुठी दिसत होत्या. कडी फिरवली, तशी भुतासारखी फिकी मूठ सरकत सरकत आली आणि खऱ्या मुठीत विरून गेली. बाईंनी कडी पुन्हा मागे नेली, पुन्हा पुढे आणली. असं पाच-सहा वेळा झालं.

"पण याला अंतर कळतं कसं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ऐकून भिंगवाले जे खुलले ते खुललेच. त्यांनी एका मोडक्या कॅमेऱ्याचं वरचं झाकण काढून दाखवलं. आत एक तिरकी काच, बोटभर अंतरावर एक इवलासा आरसा, आणि भिंग पुढेमागे झालं की त्या आरशाला ढकलणारी एक दांडी. एकच वस्तू दोन जागांवरून बघायची आणि दोन नजरांतला फरक मोजायचा, एवढीच करामत. आपले दोन डोळे तेच करतात, ते म्हणाले. बाईंनी तिथेच आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. टेबलावरची बाटली डावीकडून उजवीकडे उडी मारत होती. एवढी वर्षं आपण माणसांच्या आतलं बघत आलो आणि स्वतःचे दोन डोळे काय करतात हे कधी तपासलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

फळीवर असे सात-आठ कॅमेरे होते. त्यांतले तीन भिंगवाल्यांनी याच वर्षात खोलून, पुसून, तेलपाणी करून ठेवले होते. बाईंनी सौदा ठरवला. एक कॅमेरा एक आठवडा घरी न्यायचा, एक रोल काढायचा, परत आणायचा आणि दुसरा न्यायचा. तिन्ही बघून मग निवड. भिंगवाल्यांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट जाताना त्यांनी एक रोल स्वतःकडचाच दिला.

मॉडेलचे आकडे बाईंच्या लक्षात राहीनात, म्हणून त्यांनी तिघांना नावं दिली. पहिला जाडा. अंगानं भरलेला, भिंग मोठं, हातात घेतला की काहीतरी घेतल्यासारखं वाटणारा. दुसरा चपटा. कोटाच्या खिशात मावेल इतका, दिसायला तिघांत देखणा, पण आगाऊ. किती उजेड आत घ्यायचा ते तोच ठरवणार, तुम्ही फक्त बटण दाबा. तिसरा काळा. त्याला उजेड मोजायचं यंत्रच नव्हतं, बॅटरीही लागत नव्हती, सगळं हातानं लावायचं.

विभागातून फोन यायचे, बाई, निवडलात का? बाई म्हणायच्या, तपासणी चालू आहे.

तपासणी म्हणजे खरोखरच तपासणी होती. वन्संना बाल्कनीत खुर्चीवर बसवायचं. त्यांच्या नाकापासून कॅमेऱ्यापर्यंत शिवणाच्या टेपनं बरोबर दीड मीटर मोजायचं. वन्संच्या मागे दाराला पडदा, त्यावर मोठ्या चौकटी. भिंग पूर्ण उघडं ठेवायचं, चपट्यानं ते आपण होऊन उघडावं म्हणून मंद उजेडाची वेळ धरायची, म्हणजे अंतरात जरा चूक झाली तरी लगेच पकडता येते. वन्संच्या चष्म्याच्या दांडीवर पिवळा ठिपका धरायचा, दोनाचं एक करायचं, टिपायचं. वहीत फोटोचा नंबर, अंतर, उजेड, वेळ. हॉस्पिटलच्या रजिस्टरात जसं लिहायच्या तसंच.

न्हाणीघराच्या झरोक्याला काळा पुठ्ठा लावून बाईंनी दुपारी काळोख केला, अंधारात रोल डबीत गुंडाळला, बाहेर येऊन औषध घातलं. नऊ वर्षांनी तो वास नाकात गेला. वन्सं म्हणाल्या, घराला दवाखान्याचा वास येतोय. बाई म्हणाल्या, मला माहेरचा येतोय.

फिल्म वाळल्यावर त्यांनी खिडकीच्या काचेवर धरून भिंगानं पाहिली. वन्संचा चेहरा मऊ, धुक्यातून आल्यासारखा. आणि मागच्या पडद्याच्या चौकटी मात्र धागा न् धागा मोजून घ्यावा इतक्या स्वच्छ.

पहिल्या वेळी बाईंनी दोष स्वतःकडे घेतला. सवय नाही, हात हलला असेल. पण हात हलला तर सगळंच हलतं, पडदा बरा स्वच्छ कसा राहील, हा प्रश्न त्यांना दिवसभर टोचत राहिला. मग त्यांनी वन्संवर संशय घेतला. वन्सं बोलताना पुढेमागे डुलायच्या, आणि बोलत तर त्या सतत असायच्या. दुसऱ्या आठवड्यात चपटा घेऊन आल्यावर त्यांनी वन्संना तोंड मिटून बसायला सांगितलं. वन्संनी ते वीस मिनिटं पाळलं, आणि नंतर आठवडाभर त्याबद्दल ऐकवलं. चपट्याचा रोल धुतला. चेहरा मऊ, पडदा स्वच्छ.

तिसऱ्या आठवड्यात काळा आणला. चेहरा मऊ, पडदा स्वच्छ.

"तुमचं लक्षच पडद्यावर असतं," वन्सं म्हणाल्या. "मी समोर असून नसल्यासारखी."

बाईंनी ऐकलं नाही. त्या तिन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून उभ्या होत्या. त्यांना कामाच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक सकाळ आठवत होती. त्या सकाळी छातीच्या आठ फिल्म निघाल्या आणि आठही जणांच्या उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला मुगाएवढा डाग. डॉक्टर गंभीर झाले होते, पेशंटना बोलावणं जायच्या बेतात होतं. नुकत्याच लागलेल्या बाईंनी भीत भीत सांगितलं होतं की साहेब, आठ माणसांना एकाच जागी, एकाच मापाचा आजार होत नसतो. डाग फिल्मच्या पेटीत निघाला होता. तसंच हे. तीन वेगळ्या घडणीचे कॅमेरे, आणि तिघेही वीतभर मागे चुकतायत. चूक कॅमेऱ्यांची नव्हे. तिघांना जे एक समान आहे, त्याची आहे.

मग त्यांनी एकेकाला बाजूला काढलं. टेप दुसऱ्या टेपला लावून पाहिली, बरोबर होती. काळा आणखी चार दिवस मागून घेतला आणि अर्धा रोल ठिपक्यावर विसंबून काढला, अर्धा ठिपक्याकडे न बघता, टेपनं मोजलेला आकडा कडीवर लावून. आकड्यानं काढलेले सगळे फोटो लख्ख. वन्संच्या पापण्या मोजता येत होत्या. म्हणजे भिंग खरं बोलत होतं, खिडकी खोटं. शेवटी वन्संच्या हातात कॅमेरा देऊन ठिपका जुळवायला लावला. वन्संनी जुळवला तेव्हा कडीवर आकडा आला तो दीड मीटरच्या पुढचा, बाईंचा यायचा तोच. म्हणजे बाईंचा डोळाही संशयातून सुटला.

काळा परत करायला गेल्या तेव्हा बाईंनी काही बोलून दाखवलं नाही. फळीवर एक खरचटलेला कॅमेरा होता, तो मागितला. भिंगवाले म्हणाले, तो कशाला नेता, तो मी सहा वर्षांपूर्वी दुरुस्त केला, मालक परत आलाच नाही, तेव्हापासून हात लावलेला नाही. बाई म्हणाल्या, म्हणूनच द्या.

खरचटलेल्याच्या रोलमध्ये वन्सं पहिल्यापासून शेवटपर्यंत सुईच्या टोकासारख्या तीक्ष्ण आल्या. वन्सं भलत्याच खूष झाल्या, आता हाच घ्या म्हणाल्या. बाई मात्र खुर्चीत बसून राहिल्या. सहा वर्षांपूर्वीचं काम बरोबर, या वर्षीचं चुकीचं. जागा तीच, अवजारं तीच, माणूस तोच. मग या वर्षात बदललं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिना चढल्या. भिंगवाले एकटेच होते. बाईंनी विचारलं, खिडकीतला ठिपका तुम्ही बरोबर कसा लावता, मला दाखवा. या बाईंना सगळंच जाणून घ्यायचं असतं हे एव्हाना ठाऊक झालं होतं, त्यामुळे भिंगवाल्यांना त्यात आनंदच वाटला. त्यांनी काळा घेतला, मागच्या खिडकीशी गेले. दूर, छपरांच्या पलीकडे, एका उंच इमारतीवर पाण्याची टाकी होती आणि टाकीवर लोखंडी काठी. चाळीस वर्षं मी याच काठीवर लावतो, ते म्हणाले. कडी शेवटपर्यंत न्यायची, म्हणजे सगळ्यात लांबचं अंतर. मग वरचा हा बारीक स्क्रू फिरवायचा, ठिपक्यातली काठी खऱ्या काठीवर येऊन बसेपर्यंत. त्यांनी उजवा डोळा लावला, स्क्रू किंचित फिरवला, आणि कॅमेरा बाईंकडे दिला. "बघा. बसली."

बाईंनी पाहिलं. बसली नव्हती. फिकी काठी खऱ्या काठीच्या शेजारी, केसभर अंतरावर उभी होती.

त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. नुसत्या डोळ्यांनी टाकीकडे पाहत सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, टाकीवर काठ्या किती आहेत?"

"दोन," भिंगवाले म्हणाले. "आधी एकच होती. दुसरी गेल्या वर्षी बसवली कुणीतरी, अगदी चिकटून."

खाली सुनेच्या दुकानात कुणीतरी चौकटीचं माप विचारत होतं. बाईंना वाटलं, इथेच थांबावं, चढून आलेला जिना उतरून जावं. पण तेहेतीस वर्षं त्यांनी फिल्मवर दिसेल ते वहीत लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "उजवा डोळा हातानं झाका आणि डाव्यानं बघा जरा."

भिंगवाल्यांनी झाकला. बराच वेळ बघत राहिले. मग हात काढला, उजव्यानं पाहिलं. पुन्हा झाकला.

"एकच आहे," ते म्हणाले.

भिंगवाले खुर्चीवर बसले. कपाळावरचं भिंग त्यांनी सोडवून टेबलावर ठेवलं आणि ॲप्रनच्या टोकानं पुसायला लागले, स्वच्छच असलेलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की तिन्ही कॅमेरे चुकले का. बाईंनी मान हलवली. सारखेच चुकले का? सारखेच. भिंगवाल्यांनी टेबलाच्या कप्प्यातून दुरुस्तीची वही काढली आणि पानं मागे मागे उलटत गेले. या वर्षात त्यांच्या हातून निघालेले कॅमेरे त्यात होते, आणि प्रत्येकापुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'अंतर तपासले' असं लिहिलं होतं. "ही माणसं मला विश्वासानं देऊन गेली," एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, बाई, आज तुम्ही या.

घरी येऊन बाईंनी वन्संना सगळं सांगितलं आणि स्वतःला बोल लावून घेतला. कॅमेरा निवडायला गेले आणि म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर पाय देऊन आले, कशाला नाक खुपसायचं होतं? वन्सं त्या दिवशी नेहमीसारखं बोलल्या नाहीत. त्यांनी चहा केला, समोर ठेवला, आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर आणखी वर्षभर लोकांचे चेहरे धुक्यात गेले असते. आणि त्यांचा डोळाही."

त्यानंतर आठ दिवस बाई गल्लीकडे फिरकल्या नाहीत. नवव्या दिवशी भिंगवाल्यांची सून दारात उभी. हिशेबी, नीटस बाई. पण त्या दिवशी घाईघाईत आलेली. सासरे दुकानात वर जातात आणि नुसते बसून राहतात, ती म्हणाली. मोतीबिंदू असेल, साधं ऑपरेशन असतं, हे तिनं सांगून पाहिलं. पण डोळ्याला कुणी हात लावायचा नाही, यावर ते अडून बसलेत. चहा कपाबाहेर सांडतात, हे ती वर्षभर बघत होती आणि वयाच्या खात्यात टाकत होती. त्याचंही तिला वाईट वाटत होतं.

बाई तिच्याबरोबर तशाच निघाल्या. जिना चढून वर गेल्यावर त्यांनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही. दुरुस्त करणाऱ्यानंच यंत्र उघडायला घाबरून कसं चालेल, असं काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण ते त्यांना फार चतुर वाटलं आणि त्यांनी गिळलं. त्या म्हणाल्या की या वर्षीचे कॅमेरे परत मागवून दुरुस्त करायचे असतील तर डोळा मी देते, हात तुम्ही द्या.

भिंगवाल्यांनी विचार केला. मग वही पुढे सरकवली आणि सुनेला खालून फोन आणायला सांगितलं.

पुढचे पाच आठवडे हे काम चाललं. लोकांना फोन गेले. चूक माझी आहे, आणून द्या, लगेच करून देतो, असं भिंगवाले स्वतः बोलायचे. सुनेला बोलू द्यायचे नाहीत. कुणी चिडलं, कुणी म्हणालं आम्हाला वाटलं आमचाच हात वाईट, एकानं तर कॅमेरा कंटाळून पुतण्याला देऊन टाकला होता, तो पुतण्याकडून मागवला. बाई खिडकीशी उभ्या राहून डोळा लावायच्या. भिंगवाल्यांचा स्क्रू-ड्रायव्हर स्क्रूवर टेकलेला असायचा. बाई सांगायच्या, थोडं डावीकडे, आणखी, फार झालं, जरा मागे, बस. त्या म्हाताऱ्या बोटांना 'जरा' म्हणजे किती हे इतकं अचूक कळायचं की बाई थक्क व्हायच्या. हाताला काहीच झालेलं नव्हतं.

काम करता करता बाईंनी डोळ्याबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते उत्सुकतेपोटी, समजूत घालायला नव्हे. ती दुसरी काठी किती फिकी दिसते? दिव्याभोवती कडं दिसतं का? कोणत्या बाजूला सरकलेली असते, नेहमी त्याच? भिंगवाले आधी तुटक बोलायचे. मग त्यांनाही गोडी लागली. कागदावर त्यांनी आपल्याला टाकी कशी दिसते ते काढून दाखवलं, आणि काढता काढता स्वतःच म्हणाले की आतलं भिंग गढूळ झालं तर असंच होणार, जुन्या भिंगांत बुरशी धरली की प्रतिमेला अशीच सावली पडते. मग पेन्सिल ठेवून त्यांनी विचारलं, "हे लोक ते भिंग काढून नवं बसवतात म्हणजे नक्की कसं करतात?"

ते कसं करतात हे बाईंना नीट माहीत नव्हतं. पण हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई ओळखीच्या होत्या. दोघं गेले ते उपचारासाठी नव्हे, नुसतं विचारायला, असं ठरवून गेले. डॉक्टरीणबाईंनी नमुन्याचं नवं भिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते मसुराच्या डाळीएवढं होतं, दोन्हीकडे केसासारखे वाकडे पाय. भिंगवाल्यांनी ते उजेडाकडे धरलं, डाव्या डोळ्यानं निरखलं, पाय कशासाठी ते विचारलं, किती बारीक चिरेतून जातं ते विचारलं, घडी कशी होते ते विचारलं. बाहेर बाकावर रांग वाढत होती. शेवटी त्यांनी भिंग परत दिलं आणि तारीख मागितली.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर सून त्यांना वर घेऊन गेली तेव्हा बाई आधीच तिथे होत्या. भिंगवाले खिडकीशी गेले, टाकीकडे पाहिलं. मग त्यांची नजर टेबलावर वळली आणि तिथली धूळ बघून त्यांनी सुनेकडे फडकं मागितलं. एवढी घाण होती आणि कुणी सांगितलं नाही, असं म्हणत त्यांनी सकाळभर खोली पुसली.

आता कॅमेरा निवडायचा होता. विभागातून शेवटचा निरोप आला होता की बाई, आणखी उशीर केलात तर आमच्यापैकीच कुणीतरी निवृत्त होईल. भिंगवाल्यांनी तिन्ही कॅमेरे पुन्हा स्वतः लावले आणि बाईंसमोर मांडले. त्यांची शिफारस जाड्याची होती. असं भिंग आता होत नाही, ते म्हणाले. वन्संचं मत चपट्याला, पर्समध्ये मावतो म्हणून. बाईंनी काळा उचलला.

भिंगवाल्यांनी आठवण करून दिली की याला उजेड मोजायचं यंत्र नाही.

"माणूस टेबलावर झोपला की त्याच्या जाडीवरून मी किरण किती सोडायचे ते ठरवायचे," बाई म्हणाल्या. "उजेडाचाही अंदाज येईल. नाही आला तर कळेल तरी का नाही आला." चपटा सगळं स्वतःच ठरवतो, त्यामुळे चुकला तर कुठे चुकला हे शोधता येत नाही, आणि जाडा इतका चांगला आहे की त्याला शोधायला काही शिल्लकच नाही, असंही त्यांनी सांगितलं. भिंगवाल्यांना जाड्याबद्दलचं हे मत फारसं आवडलं नाही, पण काळ्याची पिशवी त्यांनी स्वतः शिवून दिली.

विभागात छोटासा कार्यक्रम झाला, बिस्किटं आणि चहा. बाईंनी तिथे कुणाचाच फोटो काढला नाही, कारण रोल घातलेला नव्हता. पहिला रोल त्यांनी दुसऱ्या दिवशी घातला आणि दिवसभर रस्त्यानं फिरल्या. काय टिपायचं हे त्यांना तेव्हाही ठाऊक नव्हतं. आयुष्यभर लोक एकेक करून त्यांच्यासमोर आले होते, सांगितलं तसे उभे राहिले होते. रस्त्यावर कुणी सांगितलं तसं उभं राहत नव्हतं. छत्तीस फोटोंत एकोणीस हलले, सहा काळे आले, चार पांढरे. बाईंनी प्रत्येकाचं कारण वहीत लिहिलं.

उरलेल्या सातांतला एक दोघींनी फार वेळ पाहिला. न्हाणीघराच्या दारात, ओल्या फिल्मला भिंग लावून. चौकातून एक माणूस सायकल हातानं ढकलत चालला होता आणि सायकलवर आडवं बांधलेलं एक अख्खं दार होतं, कडीकोयंड्यासकट, आणि कोयंड्याला कुलूपही लावलेलं. माणूस, सायकल, दार, सगळं लख्ख.

"दार नेतायत ते ठीक," वन्सं म्हणाल्या. "पण कुलूप लावून का?"

बाईंनाही तेच कळत नव्हतं. कुलपाची किल्ली हरवली असेल, असं एक मत निघालं. नाहीतर दार जुनं आणि कुलूप नवं, उचलताना कडी वाजू नये म्हणून घातलेलं, असं दुसरं. फिल्म वाळेपर्यंत दोघी त्यावर बोलत होत्या आणि एकीचं दुसरीला पटत नव्हतं.

"चौकात सुताराचं दुकान आहे," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी जाऊन विचारते."

"मीपण येते," वन्सं म्हणाल्या, आणि चप्पल कुठे आहे ते आत्ताच बघून ठेवायला गेल्या.